मदत हवी आहे: पाण्याचे अहवाल चांगले, तरी जुलाबाचे रुग्ण ठरावीक वस्त्यांतच. नमुने कसे आणि कुठून घ्यावेत?

ओंजळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

एका जिल्ह्याच्या पिण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवायचं काम अलीकडेच माझ्याकडे आलं आहे. शिक्षण रसायनशास्त्राचं असल्याने प्रयोगशाळेचा अहवाल वाचता येतो. पण नमुना कुठून घ्यायचा, कधी घ्यायचा आणि वाईट निकाल आल्यावर पहिल्या तासाभरात काय करायचं, याचा अनुभव नाही. इथे या क्षेत्रातली माणसं आहेत हे जुने धागे वाचून कळलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जिल्ह्यात सगळ्या तऱ्हेच्या योजना आहेत. मोठ्या वस्त्यांना नदीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून जातं. लहान गावांना विंधन विहिरी आणि उद्भव विहिरी आहेत, तिथे टाकीत टीसीएल पावडर (क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर) टाकतात. बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून थोडाच वेळ येतं.

जुनी नोंदवही उघडली तर जैविक तपासणीचे जवळजवळ सगळे निकाल ‘पिण्यास योग्य’. क्लोरीनच्या रकान्यात ओळीने 0.5, 0.5, 0.5. मग आरोग्य विभागाकडून जुलाबाच्या रुग्णांची यादी मागवली आणि ती नकाशावर मांडली. पहिल्या पावसानंतर रुग्ण वाढतात, हे अपेक्षितच होतं. पण ते वाढतात ठरावीक वस्त्यांत आणि त्यातल्या बऱ्याच वस्त्या जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहेत. त्या वस्त्यांचेही अहवाल चांगलेच आहेत.

या दोन कागदांपैकी एक मला अपुरं सांगतोय आणि तो कुठला असावा याचा अंदाज आहे. तो दुरुस्त कसा करायचा ते हवंय. नमुन्यांच्या जागा कशा ठरवाव्यात? लोकसंख्येच्या मानाने किती नमुने पुरेसे? क्लोरीनच्या आकड्यावर किती विसंबावं? आणि जैविक अहवाल हातात येईपर्यंत ते पाणी लोकांनी पिऊन झालेलं असतं, मग त्या अहवालाचा उपयोग नेमका कशासाठी करायचा? प्रयोगशाळेची क्षमता मर्यादित आहे, त्यामुळे ‘सगळीकडचे रोज घ्या’ हे शक्य नाही.

---

निवळी

ओंजळ, मी बरीच वर्षं पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम केलं आहे. पहिला प्रश्न मी बाटलीबद्दल विचारेन.

जैविक तपासणीच्या निर्जंतुक बाटलीत आधीपासून थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं का? क्लोरीन घातलेल्या पाण्याच्या नमुन्यात ते नसेल तर बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आतला क्लोरीन काम करतच राहतो. नळातून जिवंत आलेले जंतू वाटेत मरतात आणि निकाल शून्य येतो. नळाशी पाणी कसं होतं हे त्या निकालातून कळतच नाही. थायोसल्फेट क्लोरीनला त्याच क्षणी निष्प्रभ करतं, म्हणून नळाशी जी स्थिती होती ती तशीच गोठते. कोणीतरी ‘स्वच्छ दिसत नाही’ म्हणून बाटलीतली ती पांढरी भुकटी विसळून टाकल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

दुसरं, वेळ. नमुना बर्फाच्या पेटीत, अंधारात ठेवून शक्यतो 6 तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा. 24 तासांच्या पुढे गेलेल्या नमुन्याचा निकाल धरू नये. नोंदवहीत नमुना घेतल्याची वेळ आणि तपासणी सुरू केल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने आहेत का ते पाहा. नुसती तारीख लिहिलेली असेल तर जुन्या निकालांचा अर्थ लावणं अवघड आहे.

तिसरं, नमुना घेतला कुठे. टाकीखालचा नळ सगळ्यांना सोयीचा असतो. गाडी तिथपर्यंत जाते, माणूस ओळखीचा असतो. तिथलं पाणी बहुतेक वेळा चांगलंच निघतं. तुमच्या नोंदवहीतल्या जागा नकाशावर टाका आणि त्याच नकाशावर रुग्णांच्या वस्त्या दाखवा. अंतर दिसेल.

आणि ई. कोलाय शून्य आला म्हणजे सगळेच जंतू गेले असं नाही. ई. कोलाय हा विष्ठेच्या प्रदूषणाचा चांगला दर्शक आहे, पण तो क्लोरीनने सहज मरतो. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही, त्याला गाळणच अडवते. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 1993 साली सुमारे 4 लाख 3 हजार लोक याच परजीवीने आजारी पडल्याचा अंदाज आहे. पाणी क्लोरीन घातलेलं होतं. आगाऊ खूण होती ती एका केंद्रातून गाळून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वाढलेल्या गढूळपणाची. म्हणून नदीच्या योजनांवर गढूळपणाचा आकडा ही तुमची सर्वांत लवकर मिळणारी सूचना समजा. निर्जंतुकीकरणापूर्वी तो 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली असावा.

---

जुना वॉलमन

ताई, नोंदवहीत रोज 0.5 दिसतंय तिथेच थांबा. खऱ्या मोजणीत आकडा हलतो. उन्हाळ्यात क्लोरीन लवकर उडतो, पावसात पाणी गढूळ झालं की तो घाणीवरच खर्च होतो, पावडर बदलली की मात्रा बदलते. महिनोन्महिने एकच आकडा असेल तर कोणीतरी न मोजता लिहितंय, किंवा एकाच जागी एकाच वेळी मोजतंय.

माणसाला दोष देण्याआधी त्याच्याकडे मोजायचं साधन आणि ताजं रसायन आहे का, हे बघा. ओटीचं (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असेल तर पिवळं होणारं) द्रावण संपलेलं असतं, जुनं झालेलं असतं, आणि वही भरावीच लागते. शिवाय ओटीने वाचायला उशीर केला तर जंतू मारायला मोकळा असलेल्या क्लोरीनबरोबर संयुक्त क्लोरीनही (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला, कमजोर) रंगात येतो आणि आकडा फुगतो. ते द्रावण आरोग्यालाही घातक आहे. शक्य असेल तर डीपीडीच्या गोळ्या द्या, त्यांनी मोकळ्या क्लोरीनचं पाणी गुलाबी होतं. त्यातली एक खोच सांगून ठेवतो: क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि पाण्यात क्लोरीन नाहीच असं वाटतं. संशय आला तर तेच पाणी बिनक्लोरीनच्या पाण्याने पातळ करून पुन्हा बघायचं.

पावडरीचं गणितही तपासा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. 1 लाख लिटरच्या टाकीत 2 मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा हवी तर 200 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे सुमारे 600 ग्रॅम पावडर. तीच पावडर ओल आणि उष्णता लागून 20 टक्क्यांवर आली तर 1 किलो लागेल. ठरलेलं माप टाकणारा माणूस 600 ग्रॅमच टाकतो, मात्रा 1.2 वर येते आणि टोकाच्या नळापर्यंत काही उरत नाही. त्याने काम चोख केलेलं असतं. गोणी किती जुनी आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आता तुमच्या टोकाच्या वस्त्यांचं. पाणी थोडा वेळच सोडतात म्हणालात, मला वाटतं मुख्य कारण तिथेच आहे. पाणी बंद झालं की नळी रिकामी होत जाते आणि आतला दाब पडतो. जिथे सांधा गळका आहे, तिथून एरवी पाणी बाहेर जातं. दाब पडला की त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत येतं. नळी गटाराशेजारून गेली असेल, पाऊस पडून जमीन भिजली असेल, तर आत काय येतं ते सांगायला नको. पुन्हा चावी (व्हॉल्व्ह) सोडली की ते सगळं पहिल्या पाण्याबरोबर नळाला जातं. केंद्रातून कितीही शुद्ध पाणी सोडलं तरी हे थांबत नाही.

म्हणून टोकाच्या नळाचा एक नमुना पाणी आल्याआल्या घ्या आणि दुसरा बराच वेळ वाहिल्यावर. दोन्हींचा क्लोरीन आणि गढूळपणा जागेवरच मोजा. पहिला वाईट आणि दुसरा चांगला आला तर दोष वाटेतल्या नळीत आहे. दोन्ही वाईट आले तर मागे टाकीपर्यंत जा.

---

साथरोग अभ्यासक

वरचे दोन्ही प्रतिसाद महत्त्वाचे आहेत. मी ‘अहवाल उशिरा येतो, मग उपयोग काय’ या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते देखरेखीचं सगळं स्वरूप त्यावर ठरतं.

जैविक अहवाल हा झाल्या गोष्टीचा पुरावा असतो. व्यवस्था मुळात नीट चालते आहे का, हे पडताळायला तो हवाच. पण आजच्या पाण्याबद्दल आज निर्णय घ्यायचा तर मोकळा क्लोरीन, गढूळपणा, सामू आणि डोळ्यांनी केलेली पाहणी एवढंच हाताशी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सामू 8 पेक्षा कमी असताना किमान 30 मिनिटं संपर्कानंतर मोकळा क्लोरीन 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा अधिक असावा आणि ग्राहकाच्या नळाशी तो निदान 0.2 उरावा. त्यातल्या 30 मिनिटांना आणि सामूला आकड्याइतकंच महत्त्व आहे. टाकीत पावडर टाकली आणि लगेच चावी सोडली, तर नळाशी क्लोरीनचा वास येईल पण जंतू मरायला वेळ मिळालेला नसेल. सामू वाढला की तोच क्लोरीन दुबळा होतो.

तेव्हा कृतीची पातळी आधीच लिहून ठेवा. टोकाच्या नळाशी क्लोरीन 0.2 च्या खाली गेला, की प्रयोगशाळेची वाट न बघता त्याच दिवशी कोणी काय करायचं हे ठरलेलं असावं: टाकीची मात्रा तपासणं, वाहिनी धुणं, गळती शोधणं. आकडा शून्य असेल आणि त्या वस्तीत रुग्णही वाढत असतील, तर पाणी उकळून पिण्याची सूचना लगेच द्यावी. अहवाल चार दिवसांनी चांगला आला तर चार दिवस लोकांनी पाणी उकळलं, एवढंच नुकसान. पण सूचना देताना कारण सांगा. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक जात नाहीत, उलट पाण्याची वाफ झाल्यामुळे त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. नायट्रेटमुळे नाकारलेल्या विहिरीच्या गावाला ‘उकळून प्या’ सांगणं तान्ह्या बाळांसाठी धोक्याचं आहे.

तुम्ही रुग्णांची यादी नकाशावर मांडलीत याचा मला खरोखर आनंद झाला. लंडनमध्ये 1854 साली जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवती कॉलऱ्याचे मृत्यू असेच मांडले होते आणि पाण्यात नेमकं काय आहे हे दाखवता येण्याआधी पंपाचा दांडा काढायला लावला होता. तुमच्या नकाशाला एक थर जोडा: कुठल्या घराला कुठल्या चावीवरून पाणी येतं. वस्तीच्या नावापेक्षा चावीच्या हद्दीने रुग्ण मोजले की चित्र बदलतं.

---

ओंजळ

तिघांचेही मनापासून आभार. थायोसल्फेटबद्दल आजच विचारलं. काही बाटल्यांत असतं, काहींत नसतं आणि कुठल्या नमुन्याला कुठली बाटली गेली याची नोंद नाही. म्हणजे जुने ‘योग्य’ निकाल मी आधार म्हणून वापरू शकत नाही. वाईट वाटलं, पण निदान स्पष्ट झालं.

आता नमुन्यांच्या संख्येबद्दल. आणि एक नाजूक प्रश्न: सध्या योजना चालवणारेच नमुने घेतात आणि अहवालही आधी त्यांच्याकडेच जातो. हे बदलावं का? संबंध बिघडतील अशी भीती वाटते.

---

जुना वॉलमन

बदलू नका, असं माझं मत. नळी कुठे फुटते, कुठल्या चावीत माती अडकते हे चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्याच्या हातातून मोजणी काढून घेतलीत तर तो पाण्याकडे बघणंच सोडेल.

---

साथरोग अभ्यासक

इथे मी थोडा असहमत आहे. दोन्ही मोजण्या हव्यात, एकीने दुसरीची जागा घेऊ नये. चालवणाऱ्याने रोज मोजायचं ते योजना चालवण्यासाठी. देखरेख करणाऱ्याने अधूनमधून, न कळवता, स्वतःच्या निवडीच्या जागी मोजायचं ते पडताळणीसाठी.

कॅनडातल्या वॉकरटन गावात मे 2000 मध्ये जोरदार पावसानंतर शेणखताने दूषित झालेलं पाणी एका विहिरीत उतरलं. 7 माणसं गेली आणि सुमारे 2,300 आजारी पडली. पुढच्या चौकशीत निघालं की क्लोरीनच्या नोंदी न मोजताच भरल्या जात होत्या. प्रयोगशाळेचा वाईट अहवाल फक्त योजना चालवणाऱ्यांकडे गेला आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा पाणी ठीक आहे असं त्यांना सांगण्यात आलं. प्रत्यक्ष मोजणी झाली असती तर क्लोरीन संपल्याचं तेव्हाच दिसलं असतं.

म्हणून अहवाल प्रयोगशाळेतून एकाच वेळी तिघांकडे जावा: चालवणारा, तुम्ही आणि आरोग्य विभाग. वाईट निकाल तर फोनवर, त्याच क्षणी. हा नियम सगळ्या योजनांना सारखा लावलात तर कोणावर अविश्वास दाखवल्यासारखं होणार नाही.

---

जुना वॉलमन

असं असेल तर माझी हरकत नाही. फक्त पडताळणीला जाल तेव्हा त्याला बरोबर घ्या, तुमचा आणि त्याचा आकडा शेजारी ठेवा आणि फरक आला तर दोघांची साधनं तपासा. पहिल्याच भेटीत खुलासा मागणारं पत्र काढू नका.

---

निवळी

संख्येबद्दल. नळयोजनांच्या जैविक तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेलं किमान प्रमाण असं आहे: 5,000 पेक्षा कमी लोकसंख्येला वर्षाला 12 नमुने, 5,000 ते 1 लाखापर्यंत दर 5,000 माणसांमागे वर्षाला 12, 1 लाख ते 5 लाखांपर्यंत दर 10,000 माणसांमागे 12 आणि त्यावर 120 जादा. म्हणजे 60,000 वस्तीच्या योजनेला वर्षाला 144, महिन्याला 12. देशाचं मानक याहून कडक असेल तर अर्थातच ते पाळायचं.

पण हे 12 नमुने महिन्यात एकाच दिवशी घेऊन मोकळं होऊ नका. आठवड्यांवर पसरा. काही जागा कायम ठेवा, म्हणजे काळाप्रमाणे तुलना होईल: केंद्राच्या बाहेर, टाकीच्या बाहेर, प्रत्येक मोठ्या शाखेचं टोक. बाकीच्या फिरत्या ठेवा आणि त्या निवडताना रुग्ण, तक्रारी, दुरुस्त्या यांकडे बघा. जिथे काल नळी जोडली तिथे आज नमुना घ्यायलाच हवा. पावसाच्या तोंडावर क्षमता वाढवता येत नसेल तर कोरड्या महिन्यांतले काही जादा नमुने त्या काळासाठी राखून ठेवा.

रासायनिक तपासण्यांत क्षमता वाया जाते, तिथे वाचवता येईल. विंधन विहिरीतलं फ्लोराइड किंवा आर्सेनिक आठवड्याला बदलत नाही. नवीन स्रोत वापरात घेताना एकदा पूर्ण तपासणी करा; मग पावसाआधी आणि पावसानंतर एकेकदा पुरेल. मार्गदर्शक मर्यादा फ्लोराइडला 1.5 आणि आर्सेनिकला 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर. नायट्रेटची 50, पण ते शेतीतून आणि शौचखड्ड्यांतून झिरपत असल्याने उथळ विहिरींत ऋतूप्रमाणे हलतं, त्यावर जास्त लक्ष हवं.

---

ओंजळ

लहान गावांत प्रयोगशाळा लांब आहे, 6 तासांत नमुना पोहोचणं कठीण. तिथे काळ्या होणाऱ्या बाटलीची चाचणी चालेल का?

---

निवळी

एच-टू-एस बाटली म्हणताय ना? प्राथमिक चाळणी म्हणून चालेल. पाणी भरून कोमट जागी ठेवायची, 24 ते 48 तासांत काळी पडली तर विष्ठेच्या प्रदूषणाचा संशय धरायचा. भूजलात मुळातच सल्फाइड असेल तर बाटली उगाच काळी पडते, हे लक्षात ठेवा. आणि क्लोरीन असलेल्या पाण्याला ती वापरून निकाल चांगला आला म्हणून समाधान मानू नका, तिथे आधी क्लोरीनच मोजा.

त्या गावांसाठी याहून मोलाची आहे ती स्वच्छता पाहणी. विहिरीच्या ओट्याला तडा आहे का, सांडपाणी ओट्याभोवती साचतं का, 10 मीटरच्या आत शौचालय आहे का, टाकीचं झाकण बसतं का, हवेच्या नळीला जाळी आहे का. प्रत्येक ‘हो, धोका आहे’ला एक गुण. मग दोन गोष्टी एकत्र बघायच्या: धोक्याचे गुण आणि 100 मिलिलिटरमधला ई. कोलायचा आकडा. दोन्ही जास्त असतील तिथे आधी पोहोचा. धोके खूप पण ई. कोलाय शून्य, अशा विहिरी दुसऱ्या क्रमांकावर ठेवा आणि ‘योग्य’ म्हणून यादीतून काढू नका. कोरड्या दिवसात घेतलेला तो एक नमुना असतो आणि ओट्याचा तडा पावसाळ्यातही तिथेच असणार आहे.

---

ओंजळ

मी असं सुरू करते आहे: रुग्ण असलेल्या टोकाच्या वस्त्यांत पहिल्या पाण्याचा आणि नंतरच्या पाण्याचा असे जोडीने नमुने, सगळ्या बाटल्या थायोसल्फेटच्या, डीपीडी संच चालवणाऱ्यांच्या हातात, आणि नोंदवहीत वेळ, जागा, बाटलीचा प्रकार, नमुना घेणाऱ्याचं नाव. अहवाल तिघांना एकाच वेळी पाठवण्याबद्दल आरोग्य विभागाशी बोलणं झालं आहे, ते तयार आहेत.

एकच शंका. वाईट निकालानंतर फेरनमुना चांगला आला तर प्रकरण बंद करायचं का? आत्तापर्यंत तसंच होत आलं आहे.

---

निवळी

नाही. फेरनमुना त्याच नळाचा, त्याच्या अलीकडच्या नळाचा आणि पलीकडच्या नळाचा, असे तीन घ्या आणि शक्यतो पाण्याच्या त्याच वेळेला. तिन्ही चांगले आले तरी पहिला निकाल चुकीचा ठरत नाही, दूषण येऊन गेलं इतकाच त्याचा अर्थ. त्या दिवशी दाब पडला होता का, कुठे दुरुस्ती झाली होती का, टीसीएलची गोणी बदलली होती का, हे शोधून कारण नोंदवहीत लिहा आणि मगच बंद करा. कारण सापडलं नाही तर ‘कारण सापडले नाही’ असं लिहा आणि तो नळ पुढचा पावसाळा संपेपर्यंत कायमच्या जागांच्या यादीत ठेवा.